दोन्ही कानांतली नावं

निरोप गाडीनंच आला. आत्तीचं, म्हणजे माझ्या आत्याचं, सगळं गाडीनंच यायचं. उन्हाळ्यात फणस, पावसाळ्यात अळंबी, दिवाळीच्या तोंडावर नवे पोहे. लोंढ्याला गार्डाच्या हातात गाठोडं द्यायचं आणि इकडं बेळगाव स्टेशनवरच्या ओळखीच्या हमालानं ते वडगावात आमच्या दारात आणून टाकायचं, अशी तिची टपालव्यवस्था. तिच्या यजमानांनी उभा जन्म लोंढा जंक्शनात रुळांचे सांधे बदलण्यात घालवला. त्यामुळं रेल्वे म्हणजे आपल्या घरचीच बैलगाडी, असा तिचा ठाम समज होता. त्या दिवशी हमालाच्या हातात गाठोडं नव्हतं, नुसती चिठ्ठी होती. तिच्या मुलानं, नारायणानं, पेन्सिलीनं तीन ओळी खरडल्या होत्या. ‘आक्का, आई आज सकाळी गेली. बसल्या जागी गेली. त्रास काही झाला नाही.’

माझ्या भावाच्या, दत्तूच्या, घरी त्या दिवशी पाचवीची तयारी चालली होती. पाच दिवसांपूर्वी त्याला मुलगी झाली होती, आणि मी शहापुरातच दिलेली, तिथंच शाळेत शिकवते, त्यामुळं शाळा सुटली की रोज माहेरी वडगावला जात होते. सुतक आणि सुवेर एकाच दिवशी एकाच घरात! आई म्हणाली, “धोंडूवन्संचं सगळंच अवचित.” आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी रडले नाही. मला एकदम आठवलं ते तीन आठवड्यांपूर्वीचं तिचं हसणं. पोट धरून हसली होती बया... मी तिला नाव विचारायला गेले होते. भावजयीचे दिवस भरत आले होते आणि मुलगी झाली तर नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मुलगा असता तर प्रश्न नव्हता, त्याला आजा-पणजाचं नाव आयतं मिळतं. मुलीला मात्र शोधावं लागतं. आणि नाव शोधण्यात आमच्या घराण्यात आत्तीसारखी दुसरी कुणी झाली नाही. माझंच बघा ना. माझं नाव कारवी. दचकू नका, सगळेच दचकतात.

आधी तिचं नाव सांगते, म्हणजे माझं कळेल. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पाठीवर आजीची तीन मुलं गेली. चौथी ही झाली, तेव्हा आजीनं तिचं नाव ठेवलं धोंडी. दगड-धोंड्याला कोण नजर लावतंय? देवाला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं पाहिजे की हे पोर कुणाला नकोच आहे. मग त्याला कुणी नेत नाही, ही जुनी समजूत. आणि आत्ती जगली. चांगली दणकट जगली. आजीला तेवढा पुरावा बस झाला. पण त्या पोरीला काय वाटत होतं हे कोण विचारणार? आमच्या घरात तेव्हा चार माग होते, जमिनीत खड्डा करून बसवलेले. खोलीला खिडकी नाही, धोट्याची खटखट, सुताचा वास, आणि एका कोपऱ्यात ही रहाटावर कांड्या भरत बसलेली. सूत तुटलं की चारी मागांवरून एकच आरोळी, “ए धोंडेऽ!” लग्नात नवऱ्यानं तांदळात बोटानं ‘रुक्मिणी’ लिहिलं, पण ते नाव त्या तांदळाबरोबरच डब्यात गेलं. लोंढ्यालाही ती महिन्याभरात धोंडाक्का झाली.

तिच्या लग्नानंतर पाच-सहा महिन्यांनी, ऐन श्रावणात, मी झाले. माझ्याआधी आईच्या दोन मुली गेल्या होत्या. एकीचं नाव भागीरथी, दुसरीचं यमुना. पहिली सव्वा महिन्याची होऊन गेली, दुसरी वर्षाची. आजी फटकळ होती, म्हणायची, “नद्यांची नावं ठेवलीसा, वाहून गेल्या.” आता तिसऱ्या खेपेला तिनं कुणाचं काही ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. नाव ठरलं : दगडी. कानात सांगायला लोंढ्याहून आत्तीला बोलावून घेतलं. ती तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. हा बारशाचा प्रसंग मी आईकडून इतक्यांदा ऐकलाय की मीच पाळण्यातून मान वर काढून बघत होते असं मला वाटतं.

पाळणा बांधला होता, वरवंट्याला टोपडं घालून माझ्या शेजारी निजवला होता, घुगऱ्यांचं पातेलं भरून ठेवलं होतं. आजीनं आत्तीला बजावलं, “दगडी म्हण. नीट म्हण. सगळ्यास्नी ऐकू जाऊ दे.” आत्ती पाळण्यात वाकली, माझ्या उजव्या कानाला तोंड लावून ‘कुर्रर्र’ केलं, बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या, आणि ती सरळ उभी राहून म्हणाली, “कारवी.”

बुक्क्या थांबल्या. आजी म्हणाली, “कसली कारवी?”

“कुडाची. आमच्याकडं घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या करत्यात. तीच.”

आजीनं क्षणभर विचार केला असावा. काठी तर काठी, दगडापेक्षा काही फार उंची नाही. तिथंच आत्ती गप्प बसली असती तर भागलं असतं. पण खोटेपणा तिच्या अंगातच नव्हता. ती पुढं म्हणाली, “आणि आय, सात वर्सांनी फुलती म्हणं ती. सगळा डोंगर निळा हुतोय म्हणं.”

झालं! “फूल? फुलाचं नाव घातलीस माज्या नातीला?” आजीचा आवाज पार गल्लीच्या टोकाला गेला. “दोन गेल्यात ह्या घरातनं, ठावं न्हाय तुला? धोंडे, ऐकून ठेव. ह्या पोरीला काय झालं, तर ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय. तुजं म्हायेर तुटलं म्हणून समज.”

कानात पडलेलं नाव काढून घेता येत नाही. ते आजीलाही माहीत होतं, म्हणून तर तिचा एवढा संताप. आणि आत्ती? ती खाली बघून म्हणाली, “व्हय. न्हाय लावणार.” एवढंच. नव्या नवरीला माहेर तुटणं म्हणजे काय असतं ते बायकांनाच विचारा. आतल्या खोलीत बाळंतिणीच्या खाटेवर माझी आई रडत होती, पण ती मला सांगायची, “अगं, त्या रडण्यात आनंदच जास्ती होता. दगडी म्हणून हाक मारायची माझी जीभच वळली नसती.”

एक गोष्ट मात्र तुम्ही लक्षात ठेवा. आत्ती लोंढ्याला गेली ती फाल्गुनात. कारवी त्याआधीच्या पावसाळ्यात फुलून गेलेली. तिनं स्वतः बघितल्या होत्या त्या फक्त नव्या घरासाठी तोडून आणलेल्या वाळक्या काठ्या. फुलाचं तिला शेजारणीनं सांगितलेलं. म्हणजे माझं नाव तिनं ऐकीव माहितीवर ठेवलं होतं!

मी वाढले. शाळेत पोरी ‘कुडाची काठी, कुडाची काठी’ म्हणून चिडवायच्या. मी होतेही तशीच, किडकिडीत. एकदा सुटीत लोंढ्याला गेल्यावर मी आत्तीपुढं भोकाड पसरलं. तिनं मला स्वयंपाकघरात नेलं. तिथल्या कुडावर सगळीकडं शेणमातीचं लिंपण होतं, फक्त चुलीच्या बाजूला, माणूस बसलं की डोक्याशी येईल अशा जागी, वीतभर भाग तिनं लिंपलाच नव्हता. तिथं काठ्या उघड्या दिसायच्या आणि फटींतून वारं यायचं. माझा हात त्या काठ्यांवर ठेवून ती म्हणाली, “वडून बघ. येती काय उपसून? न्हाय न्हवं? मग रडूलालीस कशाला?” मी विचारलं, हे एवढंच का उघडं ठेवलंस? तर म्हणाली, “माती संपलती.” पुढं जन्मभर, जो कुणी विचारेल त्याला तिचं हेच उत्तर. दर वर्षी दिवाळीला सगळं घर नव्यानं लिंपायची आणि तेवढ्याच जागेपाशी माती संपायची!

मला सातवं लागलं आणि कारवी फुलली. आत्तीनं गार्डाबरोबर चिठ्ठी पाठवली, ‘पोरीला पाठवा. तिचं नाव फुललंय.’ आप्पांनी मला पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा उघडल्यावर आम्ही दोघी स्टेशनाच्या मागच्या डोंगराला गेलो. काय सांगू... माझ्या डोक्याच्या वर, आत्तीच्या डोक्याच्या वर, नुसती निळी-जांभळी फुलं. मधमाश्यांचा असा घुमका की बोललेलं ऐकू येईना. आत्ती माझ्यापेक्षा जास्त हरखली होती. तीही पहिल्यांदाच बघत होती ना! “बघ गं, बघ, मी म्हटलं न्हवतं?” असं ती कुणाला म्हणत होती कोण जाणे, बहुतेक वडगावातल्या आजीला. एवढ्यात म्हशी घेऊन एक गवळ्याची म्हातारी आली. माझं नाव ऐकून तिला गंमत वाटली. म्हणाली, “बघून घे पोरी डोळं भरून. फुलली की मेली ही. दिवाळी झाली की सगळा डोंगर वाळून काठ्या.”

“मरती?” आत्ती म्हणाली. “सगळी?”

“सगळी. एकदाच फुलती आणि मरती. त्याच काठ्या तर आपुन तोडून आणतोय न्हवं?”

मला त्याचं काहीच वाटलं नाही. झाडं वाळतात, त्यात काय? पण आत्तीनं माझा हात असा आवळला की माझ्या काचेच्या दोन बांगड्या फुटल्या. मी आठ दिवस राहणार होते. दुसऱ्याच दिवशी तिनं मला गाडीत घालून वडगावला आणून सोडलं. मला राग आला होता, तो चांगला पुढच्या महिन्यापर्यंत टिकला.

आणि त्याच थंडीत मी अंथरूण धरलं. मुदतीचा ताप. एकवीस दिवसांचा, आणि एकविसाव्या दिवशी काय ते एक व्हायचं, असा तो काळ. आप्पांनी लोंढ्याला कळवलं. आत्ती मिळेल त्या गाडीनं आली. दारात आजी बसली होती. आई सांगते, दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग आजीनं पाय जवळ घेऊन वाट दिली. आत्तीनं उंबरा ओलांडला. मग ती माझ्या उशाशी बसली ती उठलीच नाही. माझ्या डोक्याला खटखट सोसेना म्हणून आप्पांनी चारी माग बंद केले होते. असं कधी झालं नव्हतं आमच्या घरात. अशाच एका दुपारी, ग्लानीत, कुणीतरी माझ्या डाव्या कानाशी वाकलंय, गरम श्वास लागतोय, आणि हळूच ‘कुर्रर्र’ असं काहीतरी... एवढंच मला आठवत होतं. पुढं एक शब्द होता, तो हाती लागला नाही. तापातलं स्वप्न म्हणून मी सोडून दिलं.

एकविसाव्या दिवशी घाम फुटला आणि ताप उतरला. आजी म्हणाली, “माज्या नवसाला देव पावला.” आत्तीनं श्रेयासाठी भांडण केलं नाही, पोटभर जेवली आणि निघाली. तेव्हा आजीच तिच्या मागं दारापर्यंत आली. “ऱ्हा की चार दिस. म्हायेर हाय तुजं.” आप्पांनी मागावरचं तयार शहापुरी लुगडं कापून तिच्या हातात दिलं. गर्द निळं होतं. ते तिनं पुढं विरेपर्यंत नेसलं.

त्यानंतर कारवी तीनदा फुलली. प्रत्येक वेळी गार्डाच्या हातून एक फांदी यायची आणि सोबत नारायणाच्या अक्षरात तिचा निरोप, ‘नावाला फूल आलंय. बरी हाईस न्हवं?’ आणि उत्तर परतीच्या गाडीनंच गेलं पाहिजे, असा दंडक. एकदा मी शाळेच्या परीक्षांच्या गडबडीत दोन दिवस उत्तर धाडलं नाही, तर तिसऱ्या दिवशी बाई स्वतः शाळेच्या दारात हजर! वर्गात येऊन मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि “बरी हाय,” असं वर्गातल्या पोरींनाच सांगून पुढच्या गाडीनं परत गेली. मी तेव्हा वैतागले होते. तिचा विक्षिप्तपणा म्हणायची मी त्याला. किती शहाणी होते!

आता आत्ती जायच्या तीन आठवडे आधीची ती भेट. त्याच उघड्या कुडापाशी ती बसली होती, केस पांढरे झालेले, दात दोन-चार पडलेले. मी म्हटलं, “आत्ती, दत्तूला मुलगी झाली तर नाव काय ठेवू? झाडाचं, फुलाचं, असं काहीतरी तुझ्यासारखं सांग.”

तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “झाडाचं ठेवणार असलीस तर आदी त्ये झाड मरूस्तवर बघून ये. माज्यासारकं करू नको.” आणि मग सगळं सांगितलं. त्या डोंगरावर तिला काय कळलं, घरी येताना काय वाटलं. आपण हौसेनं, न बघता, पोरीच्या कानात मरणच सांगून बसलो, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि तीन-चार महिन्यांत मी तापानं पडले. “मग काय करू? नाव काढून घ्यायला येत न्हाय. पर दुसरा कान रिकामा हुता न्हवं तुजा?”

मी विचारलं, “काय सांगितलंस त्यात?”

“धोंडी. माज्यापाशी तेवढंच हुतं. माजंच नाव दिलं तुला. म्हटलं, हे घिऊन तीन भावंडांच्या मागं मी जगलो, तूबी जग.”

जन्मभर जे नाव तिला टोचलं, जे मला लागू नये म्हणून तिनं माहेर पणाला लावलं, तेच तिनं माझ्या कानात सांगितलं होतं. आणि सत्तावीस वर्षं कुणाला पत्ता नाही. मी रडत होते आणि ती मात्र हसायला लागली. “तवापास्नं मला नावच न्हाय बघ. लोक हाक मारत्यात, मी उगंच व्हय म्हणतो.” पोट धरून हसली.

मग मी तिला ते विचारलं, जे खरं तर कुणीतरी कधीच विचारायला हवं होतं. “तुला कुठलं नाव आवडलं असतं गं?”

कुडाच्या फटीतून वारं येत होतं, तिच्या कपाळावरचे केस हलत होते. लाजली ती चक्क. पन्नाशीची बाई, नवऱ्याच्या पश्चात एकटीनं घर सांभाळलेली, आणि नव्या नवरीसारखी लाजली. “हसशील तू. मागाच्या खोलीत लई उकडायचं गं. कुणीतरी दार उघडलं की वारं यायचं बघ एवढंसं... सगळी म्हणायची, हां! आली बघा झुळूक. सगळ्यांची तोंडं कशी निवायची. मला वाटायचं, मी आलो की बी असं म्हणावं कुणीतरी.” मग शिक्षिकेची आत्या शोभेल असं, “आणि झुळूक वाळत न्हाय. चौकशी केलोय मी.”

सव्वा महिन्यानं बारसं केलं. मुलगी झाल्याचं आत्तीला गार्डाकरवी कळवलं होतं, आणि ते तिला जायच्या आधी पोचलं होतं, हे नारायणानं नंतर सांगितलं. मी पाळण्यात वाकले, पोरीच्या उजव्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितलं. “झुळूक.” भावजयीची मावशी लगेच म्हणाली, “अगंबाई! वाऱ्याचं नाव? पोर उडून जाईल की!” माझी म्हातारी आई घुगऱ्या वाढता वाढता बोलली, “जाऊ दे उडून. फिरून येईल.” बायका हसल्या, माझ्या पाठीत बुक्के बसत होते, आणि त्या गलक्यात मी पोरीची मान अलगद वळवली आणि डाव्या कानात दुसरं नाव सांगितलं. कुठलं ते तुम्हाला माहीत आहे. मीही काही लई धीराची नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत हे छापून आलं की वडगावभर होईल, होऊ दे.

गेल्या आठवड्यात सगळे लोंढ्याला जाऊन आलो. यंदा श्रावणात कारवी फुलायची आहे. फांदी नारायण पाठवीलही, पण ‘बरी आहे’ म्हणून परतीच्या गाडीनं कुणाला कळवायचं, हे मला गाडीत बसल्यापासून सुचत नव्हतं. आत्तीच्या घरी पोचलो तर नारायण अंगणात गुडघाभर चिखल तुडवत होता. पावसाच्या आत घर लिंपून काढत होता. स्वयंपाकघरातली ती वीतभर जागा तेवढी राहिली होती आणि मातीचा गोळा त्याच्या हातात तयार होता. मी दत्तूच्या पोरीला आत्तीच्या जागेवर, त्या कुडाखाली निजवलं. फटीतून वारं आलं. टोपड्याचा बंद हलला, पोरीनं डोळे मिटले आणि तोंड उघडून ती हसली. दत्तू सहज बोलून गेला, “हां, आली बघा झुळूक.”

नारायण हातातल्या गोळ्याकडं बघत राहिला. म्हणाला, “आक्का, मग ह्याचं काय करू? कुणी विचारलं तर काय सांगू?”

मी म्हटलं, “सांग, माती संपली.”